कोट अजून झाला नाही

"पोट आत ओढून माप देताय, मॅडम. नोकरीही श्वास रोखूनच करता का?"

टेप हातात धरून तो थांबला... आणि मी लाजेने लालबुंद झाले. तक्रार विभागात दिवसभर फोनवर लोकांची बोलणी खायची आणि त्यावर ड्रॉवरमधली बिस्किटं, हा माझा वर्षभराचा दिनक्रम. दुपारचं जेवण टाळूनही युनिफॉर्मच्या कोटाचं बटण लागेना. दीड महिन्यावर बढतीची मुलाखत होती, म्हणून कोट सैल करून घ्यायला समोर दिसलं त्या शिंप्याच्या दुकानात शिरले होते.

"खांदे बघा, कानाला टेकलेत," तो म्हणाला. "दहा मिनिटं बसा. मग माप घेऊ."

बसले. तो काजं करत राहिला आणि मी त्याच्याकडे पाहत राहिले – म्हणजे, त्याच्या बोटांकडे.

आठवड्याने गेले, तर कोट झाला नव्हता. "बसा ना," तो म्हणाला. पुढच्या खेपेलाही तेच. मग मी रोजच संध्याकाळी जाऊ लागले. दिवसभरातल्या तक्रारी नकला करून सांगायचे, तो शिवण सोडून हसायचा. तिथून चालत घरी पोचेपर्यंत कडकडून भूक लागायची. पोटभर जेवायचं, गाढ झोपायचं. ड्रॉवरमधला पुडा मऊ पडला, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

"एका कोटाला एवढे दिवस?" ताई डोळे मिचकावून विचारायची. "तो शिवतोय, की तू रोज उसवतेस?"

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मात्र कोट हवाच होता. आणि तो मिळाला की इथे यायला काही कारणच उरणार नव्हतं. मला चक्क रडू येत होतं.

त्याने मान खाली घालून कपाटातून कोट काढला. बटण अलगद लागलं... आणि वर चांगली चार बोटं जागा उरली!

"हे काय, मास्तर?"

"पहिल्याच आठवड्यात, तेव्हाच्या मापाने सैल करून ठेवला होता," तो पुटपुटला. "दिला असता, तर तुम्ही परत आला नसतात. आणि मला तुम्ही यायला हव्या होतात."

खरं तर मी चिडायला हवं होतं. पण इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"आत घ्यायला किती वेळ लागेल?"

"एक तास." मग हळूच, "खरं सांगू? अर्धाच."

"तासच लावा," म्हणत मी स्टूल त्याच्या मशीनशेजारी ओढलं. "आणि उद्या मुलाखत झाली की मी येणार आहे. शिवायला काही नसलं तरी."