अकराशे सव्वीस जणांचं सुतक

चार वाजून दहा मिनिटांनी तनुजा निकुंभला वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा समोरच्या भिंतभर पसरलेल्या पडद्यावर विजेची वारंवारता एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव होती. हे तिच्या लक्षात राहिलं. भाऊ पलीकडून काय काय बोलला, ते मात्र फारसं राहिलं नाही. ती "बरं" म्हणाली, "निघते" म्हणाली, आणि निघाली नाही. कारण त्याच वेळी धुळ्याकडची एक वाहिनी बंद पडली होती आणि तिचा भार इतर वाहिन्यांवर वळवायचा होता. तो तिने वीस मिनिटांत वळवला. नोंदवहीत वेळ घातली, सही केली आणि शेजारच्या अभियंत्याकडे टेबल सोपवलं. मनगटावरची पट्टी जरा कोमट झाल्यासारखी वाटली, एवढंच.

ही पट्टी 'समभार'ची. वीजभार केंद्रातलं काम म्हणजे सुखासुखी कोणी मागून घ्यावं असं नाही. एक बटण चुकलं तर पाच जिल्हे अंधारात जातात, आणि मंत्र्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळे फोन करतात. पूर्वी दोघं जण टेबलावरच कोसळले, तेव्हा सरकारने ऑनलाइन मानसिक आधार सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक हसतमुख बाई येऊन दीर्घ श्वास घ्यायला सांगायची. अभियंते तिचा आवाज बंद करून वारंवारतेकडे बघत बसत. मग चार वर्षांपूर्वी समभार आलं आणि राज्यातल्या सगळ्या नियंत्रण कक्षांतल्या माणसांच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या. तेव्हापासून कोणी कोसळलं नव्हतं. तनुजाला तर 'उत्तम मनोधैर्य' म्हणून दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

अमळनेरला तिने सगळं निगुतीने केलं. दाखला आणला, लाकडं सांगितली, तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ निवडायला बायका बसवल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. शिकलेल्या पोरी अशाच कोरड्या होतात, असं आत्या तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. चौदाव्या दिवशी निघताना आईने तनुजाची बॅग धरून ठेवली.

"तनू, अण्णांचं तुला काहीच वाटलं नाही का गं?"

वाटलं, असं तिला सांगायचं होतं. म्हणून तिने आत शोधून पाहिलं. आत झाडून पुसून ठेवलेल्या खोलीसारखं लख्ख होतं. अण्णा गेल्याचं दुःख तिथे नव्हतं, आणि ते नव्हतं याची तिला भीती वाटली. आई उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि बस आली.

दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होण्याआधी ती तिसऱ्या मजल्यावर डॉ. हुद्दारांकडे गेली. समभार त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. माणूस मूळचा वीज अभियंता, मेंदूचा अभ्यास त्यांनी चाळिशीनंतर केला. आता साठीला टेकलेले, किडकिडीत, चहा निम्मा टाकून देणारे.

"सर, माझं दुःख मला परत हवंय," ती म्हणाली.

ते हसले नाहीत. बसा म्हणाले.

"नुसता दाबून टाकलेला ताण दुप्पट होऊन परत येतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. मेंदूला पुरावा लागतो, की हे सोसून झालं. घसा दाटला, डोळे भरले आणि ओसरलं, असं शरीराने कळवलं की तो ते प्रकरण बंद करतो. समभार हे सोसणं वाटून देतं. तुमच्या धक्क्याचे हजार तुकडे होतात आणि त्या क्षणी जोडलेल्या प्रत्येकाच्या पट्टीतून एकेक तुकडा जातो. त्याला एखादा आवंढा येतो, तो ओसरतो. ओसरल्याची खूण तुमच्या मेंदूला परत मिळते."

"म्हणजे माझ्या मेंदूच्या लेखी..."

"तुमचं रडून झालंय."

कुठे काही शिल्लक असेल, असं तिने विचारून पाहिलं. उत्तर तिला ठाऊकच होतं. तारेतली वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खर्ची पडते. मागाहून मागितली तर आणायची कुठून. जे गेलं ते अठ्ठावीस तारखेला चार वाजून दहा मिनिटांनी वापरून संपलं होतं.

"चूक आमचीच," हुद्दार म्हणाले. "आम्ही विजेची माणसं. जे वाटून देता येतं तो भारच असणार, असं धरून चाललो."

कोणाकोणाच्या वाट्याला गेलं, असं तिने विचारलं. नावं गुप्त असतात, ते म्हणाले, पण नोंदी आहेत. या खात्यातल्या माणसांची खोडच तशी. कुठेही विनाकारण चढउतार दिसला की वेळ टाकून लिहायचं, आणि कारण सापडलं नाही तर 'कारण अज्ञात' असा शेरा मारायचा. पट्ट्या आल्यावर ही मंडळी कोणी न सांगता स्वतःचेही चढउतार लिहू लागली. त्या दिवशी अकराशे सव्वीस जण जोडलेले होते. त्यातल्या चारशे जणांनी लिहिलं होतं. हुद्दारांनी पडदा तिच्याकडे वळवला.

'१६:१०. घसा दाटला. कारण अज्ञात. १६:१२ पूर्ववत.'

'१६:१०. डोळ्यांत पाणी. जवळपास कांदा नाही, काही नाही. कारण अज्ञात.'

'१६:१०. लहानपणची म्हैस आठवली. कारण अज्ञात.'

'१६:१०. वडिलांना फोन लावला. काय झालं म्हणाले. म्हटलं काही नाही. सात मिनिटं बोललो. कारण अज्ञात.'

पट्टीतून आठवण जात नाही, फक्त कळ जाते. ती कशाची, हे ज्याने त्याने आपल्या घरातलं शोधून ठरवलं होतं. तनुजाने चारशेच्या चारशे नोंदी वाचल्या. तिला काही वाटलं नाही. पण ती म्हणाली की हे मला आईला वाचून दाखवायचंय. नियमात बसत नव्हतं, तरी हुद्दारांनी छापून दिलं. ती उठली तसे ते म्हणाले, जरा थांबा.

"मलाही एक विचारायचं होतं. गेल्या वर्षी एकोणीस फेब्रुवारी, सकाळी अकरा बावीस. तुम्ही जोडलेल्या होता. तुमची नोंद नाही."

त्यांनी खणातून एक जाडजूड फाईल काढली. तनुजाला तारीख आठवली. हुद्दारांच्या पत्नी, सुधाताई, गेल्या तो दिवस. आठवड्याभरात ते कामावर हजर झाले होते, आणि काय धीराचा माणूस, म्हणून सगळ्या इमारतीने तोंडभर कौतुक केलं होतं.

आपलाही धक्का असाच वाटला गेला; ज्यांनी लिहिलं त्यांचं मिळालं, ते म्हणाले. ज्यांनी लिहिलं नाही त्यांना ते एकेकाला गाठून विचारत होते. सहाशे अकरा जण झाले होते.

तिने लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. त्या सकाळी ऐन कामात तिला अण्णांना बघावंसं वाटलं, इतकं की दाढ ठणकतेय अशी थाप मारून तिने रजा टाकली आणि अमळनेरची बस पकडली. अण्णा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. ती शेजारी बसून सोलू लागली. दोन दिवस राहिली. महत्त्वाचं असं कोणी काही बोललं नाही. पुढच्याच महिन्यात अण्णांनी अंथरूण धरलं आणि मग धड बोलणं असं झालंच नाही.

हे तिने जसंच्या तसं सांगितलं. हुद्दारांनी वेळेसकट उतरवून घेतलं, शेंगासुद्धा. शेवटी सवयीने 'कारण' असं लिहून त्यांचं पेन अडलं. मग त्यांनी पुढे 'सुधा' असं लिहिलं आणि फाईल मिटली.

जिन्यात तनुजाने पट्टी काढून पर्समध्ये टाकली. गेलेलं त्याने येणार नव्हतं. पुढचं तरी आपल्याकडे राहील, इतकंच. तिथेच पायरीवर बसून तिने आईला फोन लावला, पट्टीचं सगळं समजावून सांगितलं आणि नोंदी वाचायला घेतल्या. म्हशीपाशी आईचा आवाज फुटला, तो हसण्याचा की रडण्याचा ते कळलं नाही. तनुजा वाचत राहिली.

"किती माणसं म्हणालीस?" आईने शेवटी विचारलं.

"अकराशे सव्वीस."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"आधी सांगायचंस ना गं," आई म्हणाली. "तेराव्याला स्वयंपाक फारच कमी केला आपण."