इवल्या हातांची वीट

"फिदेल, चिखल तुडवायचाय, त्यात लोळायचं नाहीये!" बेलेन ओरडली.

"मग तू ये ना! मघापासून नुसती मुकादमगिरी चाललीय!"

गुडघ्यापर्यंत माखलेला हा तिचा दहा वर्षांचा चुलतभाऊ. काम कमी, बडबड जास्त!

रविवारी आर्चुलेता घराण्याच्या घरावर पाटी लागणार होती: 'खोऱ्यातलं पहिलं घर. १८५८ साली फेलिसियानो आर्चुलेता व त्यांच्या पत्नीनं स्वतःच्या हातांनी बांधलं.' म्हणून सुट्टी लागताच एलीहिओकाकांनी दोघांना भिंती लिंपायला जुंपलं होतं. बेलेनची तक्रार नव्हती. याच खापरपणजोबांवर निबंध लिहून तिनं शाळेत पहिला नंबर पटकावला होता!

कोपऱ्यातला जुना गिलावा खरवडताना मात्र ती थबकली. एका कच्च्या विटेत पंजा उमटला होता. शेजारच्या विटेतही. इवलासा! फिदेलनं त्यावर हात ठेवून पाहिला, तर त्याचाही मोठा पडला.

"खापरपणजोबा इतके बुटके होते?"

"गाढवा! वीट ओली असताना कुणा मुलानं हात टेकलाय."

"पण त्यांचं पहिलं मूल घर बांधल्यावर तीन वर्षांनी झालं. तुझ्याच निबंधात आहे की!"

बेलेननं काकांना विचारलं, तर ते खेकसले, "नसत्या चौकशा नकोत! कोपरा उद्याच्या आत लिंपून टाका!"

एवढं चिडायला काय झालं? इथंच कुठंतरी पाणी मुरत होतं! गावातल्या मुलांच्या जुन्या नोंदी तिथंच असायच्या, म्हणून दोघं तडक चर्चमध्ये गेले. म्हाताऱ्या पाद्र्यांनी आधी त्यांना हात धुवायला लावले आणि मगच बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली. १८५८च्या पानावर होतं: 'रोसारियो. नवाहो मुलगी. वय सुमारे आठ. फेलिसियानो आर्चुलेता यांनी एक घोडा देऊन सोडवून घेतली.'

"सोडवली? वा!" फिदेल खूश झाला. "कुणाच्या तावडीतून?"

पाद्री चष्मा पुसत राहिले. "बाळा, नवाहो म्हणजे इथले मूळ रहिवासी. त्यांची पळवून आणलेली मुलं विकत घेण्याला तेव्हा तसं म्हणायचे. मग ती त्या घरात राबायची."

'स्वतःच्या हातांनी' हे शब्द बेलेननं निबंधात तीनदा लिहिले होते! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतल्यावर ती म्हणाली, "फिदेल, कोपऱ्यासाठीच्या या घमेल्यात गव्हाचं काड घालू नकोस."

"अगं, काडाशिवाय गिलावा वाळताना तडकतो! गळून पडेल!"

"पडू दे."

रविवारी सगळं गाव जमलं. काकांचं भाषण रंगात आलं. "या घराची वीट न् वीट आमच्या फेलिसियानोबाबांच्या हातची!" म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीवर थाप मारली, आणि धप्प! अख्खा पापुद्रा त्यांच्या नव्या बुटांवर! फिदेल खो-खो हसला. बेलेनला हसू आलं नाही. भिंतीवरचे इवले हात सगळ्यांना दिसत होते.

"काड कुणी घातलं नाही?" काका गरजले.

"मी घालू दिलं नाही," बेलेन म्हणाली, आणि तिनं वहीतली नोंद सगळ्यांसमोर सांगून टाकली.

काका मटकन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं. वडिलांनी हे पंजे दाखवले होते. दोनदा मीच ते लिंपून टाकले. लाज वाटायची ना! पोरी, मला चाळीस वर्षांत जमलं नाही ते तू केलंस. शाबास!"

टाळ्या पडल्या. निबंधाच्या वेळीही अशाच पडल्या होत्या. बेलेनला मान वर करवेना.

काकांनी खिशातून पेन काढलं. "ही पाटी बदलू. तिचं नाव पहिलं घालू. काय म्हणालीस, रोसारियो ना?"

"ते आपण ठेवलेलं नाव आहे, काका," बेलेन म्हणाली. "तिचं खरं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही."

टाळ्या थांबल्या. काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.