साडूभाऊंचा आवाज

चष्मेवाल्याला आपल्या साडूचा हेवा वाटायचा, आणि निदान स्वतःपाशी तरी त्यानं तो कधी नाकारला नाही. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरल्या ताईंचा नवरा म्हणजे साडूभाऊ. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि एका हौशी बँडमध्ये गिटार वाजवायचे. हा आठवडाभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा आणि रविवारी त्याच बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. सराव एका फर्निचरच्या दुकानाखाली, तळघरात चाले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या.

घरी, हळू आवाजात, त्याचा बेस गोड लागे. तळघरात ड्रम सुरू झाले, अ‍ॅम्पचा आवाज चढवला, की त्याचा नुसता चिखल व्हायचा. सूर कुठला आणि दणका कुठला, काही कळायचं नाही. त्याच गदारोळातून साडूभाऊंच्या गिटारचा एकेक सूर मात्र धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ यायचा.

"पुढचा रविवार बघते," बँडची गायिका म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, पण बोलताना हातचा राखत नसे. "नाहीतर हॉलमधल्या आपल्या कार्यक्रमाला दुसरा बेसवाला आणते."

साडूभाऊंनी त्याला बाजूला घेतलं. "अहो, घरची सेटिंग इथे चालत नाही. आवाज चढला की खर्ज आपोआप फुगतो. तो कमी करा, मधला भाग वाढवा. आणि अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. आत्ता तो फक्त तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतोय."

त्यानं सगळं केलं. चिखल तसाच. माणूस चांगला होता हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"भाऊजींचं कसं वर दुकानापर्यंत नीट ऐकू येतं," बायको घरी म्हणाली. "तुमचं आपलं घूं घूं." त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी तो सकाळी तासभर आधी पोचला. साडूभाऊंच्या अ‍ॅम्पला त्यानं आपला बेस जोडला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस इतक्या जोरात वाजवला की आतला स्पीकर फाटतो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो फाटावा म्हणूनच तो आला होता. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून लोक स्वतःचं नाक कापतात. ह्याचं तर नाकही शाबूत राहणार होतं.

स्पीकर फाटला नाही. पहिलाच सूर असा भरदार, असा स्वच्छ आला की त्याचा हात थांबला. त्यानं दुसरा वाजवला, मग तिसरा. अ‍ॅम्पवर हात ठेवला तर तो अंगात ताप असल्यासारखा गरम लागला.

दार ढकलून साडूभाऊ आत आले आणि काहीतरी म्हणाले.

"काय?"

ते खाकरले. "घसा बसला वाटतं. आत्ता वर दुकानदाराशी बोललो, तोवर ठीक होता." आवाज भिंतीपलीकडून यावा तसा होता.

त्या दिवशी चष्मेवाल्यानं आपल्याच अ‍ॅम्पवर वाजवलं आणि तोच सूर तिथेही आला. गायिकेनं मान डोलावली. "हे कुठे होतं इतके दिवस? आणि गिटार का हळू?" साडूभाऊंनी आपला अ‍ॅम्प पूर्ण चढवला. तरी गिटार वरच्या मजल्यावर वाजल्यासारखी ऐकू आली.

मंगळवारी बायको म्हणाली, "भाऊजींचा फोन आला होता. बोललेच नाहीत. नुसता श्वास." गुरुवारी पुन्हा फोन आला. त्यात श्वासही नव्हता.

शुक्रवारी साडूभाऊ त्याच्या चष्म्यांच्या दुकानात आले. हत्यारांची पिशवी त्यांनी काचेच्या काउंटरवर टाकली, पण तिचा आवाज झाला नाही. कागद ओढून त्यांनी लिहिलं: तुम्ही काही केलंत का?

"नाही हो," चष्मेवाला म्हणाला.

कार्यक्रमाच्या दुपारी, हॉलमध्ये आवाज लावताना गायिकेनं त्याला बेस जरा कमी करायला सांगितलं. त्यानं बटण थोडं मागे घेतलं. तत्क्षणी साडूभाऊंचा खोकला खणखणीत ऐकू आला. बेसचा मात्र चिखल झाला.

साडूभाऊंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं.

चष्मेवाल्यानं बटण पुन्हा वर नेलं.

कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला साडूभाऊ त्याच्यासमोर येऊन ओरडत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ओठांवरून शब्द वाचता येत होते. कमी करा. कमी करा.

त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. इतकं सुरेख त्यानं जन्मात वाजवलं नव्हतं. त्याला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच त्याला भीती वाटली.

टाळ्या थांबल्यावर ताई स्टेजवर आल्या.

"अख्ख्या हॉलमध्ये तुमचंच वाजत होतं," त्या म्हणाल्या. "मी बहिणीला म्हटलं, नशीबवान आहेस बाई."

"ताई, अहो, साडूभाऊ..." त्यानं बोट दाखवलं.

ताईंनी बोटाच्या दिशेनं नीट पाहिलं.

"कोण साडूभाऊ?" त्यांनी विचारलं. साडूभाऊंच्या मुठीत ताईंची बोटं पांढरी पडली होती.