मीटरच्या पुढचे तास

देगलूरच्या अजहरचा भरवसा दोनच गोष्टींवर. एक स्वतःचा मल्टिमीटर आणि दुसरा बायकोच्या, नाझनीनच्या हातचा चहा. बाकी कुणी काहीही सांगो, हा गडी आधी वायर सोलून बघणार. जुन्या पोकलेनच्या इलेक्ट्रिक कामात उदगीरपासून नांदेडपर्यंत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

म्हणूनच श्रीमंतनं नांदेडला जुनं पोकलेन घेताना त्याला सोबत नेलं. दोघं आयटीआयपासूनचे दोस्त. यार्डात सहा मशिनी उभ्या होत्या; अजहरनं वाकून, खरवडून, वायरी हुंगून चौथीवर बोट ठेवलं. आणि महिन्याभरात तीच मशीन देवणीजवळच्या मुरमाच्या खदानीत चालता चालता बंद पडायला लागली. पडद्यावर एकच रडगाणं, कम्युनिकेशन एरर. श्रीमंतनं फोन केला, पण तक्रार केली नाही. नुसतं ‘येऊन जा’ म्हणाला. तेच अजहरला जास्त लागलं.

सकाळी आठलाच तो खदानीत पोचला. श्रीमंत चालकाच्या सीटवर बसलेला होता. त्याच्या गुडघ्याला खेटूनच अजहरनं स्कॅनर जोडला. असल्या मशिनीत इंजिनाचा एक कंट्रोलर, पंपाचा एक आणि समोरचा पडदा, असे तिघं असतात. दोन बारीक, पिळलेल्या वायरींवरून ते दिवसभर एकमेकांशी बोलतात. वायर घासली की एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही आणि मशीन थांबते. कोण किती तासांवर गप्प झाला, याची यादी स्कॅनरवर दिसते.

यादीत आठ ओळी होत्या. मशीन आजवर किती तास चालली हे दाखवणाऱ्या मीटरवर तास होते ८४१२.३. पहिल्या पाच ओळी त्याच्या आतल्याच. सहावी मात्र ८४१३.१ ची. सातवी ८४१५.७. आठवी ८४१८.४.

अजहरनं मीटर पुन्हा वाचलं. म्हणजे मीटर मागं फिरवलेलं! जुन्या मशिनींच्या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी, आणि ती आपल्याच नाकाखालून निघून गेली. त्यानं स्कॅनरचा फोटो काढून ठेवला. प्रत्येक ओळीपुढं आणखीही रकाने होते, चावी, सीट, तेलाची गरमी. ते वाचायला डोकं ठिकाणावर कुठं होतं? यार्डवाल्याला फोन लावून त्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बिचारा लेकरांची शपथ घेत राहिला. महिन्यात मशीन चालली होती जेमतेम दोनशे तास; म्हणजे विकताना मीटर मागं घेतलं असलंच तर तेही तेवढंच, आणि दोनशे तासांसाठी मीटर फिरवतं कोण, हा प्रश्न अजहरला पडायला हवा होता. रागाच्या भरात पडला नाही.

बूमच्या, म्हणजे मशिनीच्या लांब हाताच्या बुडाशी वायर घासलेली सापडली. त्यानं ती जोडली, वायरींच्या जोडाचे कपलर साफ केले, मल्टिमीटर लावला. साठ ओहम, हवे तेवढेच. यादी पुसली तर पाच ओळी गेल्या आणि तीन तशाच राहिल्या. स्कॅनर जुना झालाय म्हणत त्यानं त्यालाही दोन शिव्या हासडल्या.

पाऊण तास मशीन झकास चालली. मग झटका बसून थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली. मीटरवर ८४१३.१ होतं, सहाव्या ओळीतलाच आकडा.

श्रीमंतची बायको सिंधु भाकरी घेऊन आली तेव्हा अजहर यादीकडं टक लावून बसला होता. आधी जेवा, मग डोकं खाजवा, असं तिनं त्याला दटावलं. तो जेवला, पण ठेचा तिखट होता की आळणी हे त्याला सांगता आलं नसतं.

दुपारी तो केबिनमध्ये सीटच्या मागं अंग चोरून उभा राहिला. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना वायरींवर रोवून ठेवल्या. ८४१५.७ ला पंपाचा कंट्रोलर गप्प झाला. सातव्या ओळीत पंपच लिहिला होता. आणि त्या घडीला अजहरच्या हातातला मीटर साठच्या साठ दाखवत होता. वायरीत काहीच खोट नव्हती.

आता उरली आठवी ओळ. त्यात तिघंही एकदम गप्प झाले होते. वायर घासून एखादा जातो, फार तर दोन. तिघं एकाच क्षणी जायचे तर बॅटरी जळायला हवी, नाहीतर अख्खी मशीन संपायला हवी. अजहरच्या डोळ्यांपुढं आग आली, आणि आगीत केबिनमध्ये बसलेला श्रीमंत.

पाचच्या सुमाराला मीटर ८४१८.३ वर आलं.

“खाली उतर,” अजहर म्हणाला.

“आता काय झालं?”

“इंजिन चालू राहू दे. तू उतर. सहा मिनटं फक्त.”

तासाचा दहावा भाग म्हणजे सहा मिनिटं. श्रीमंत हसला. “लई काम पडलंय रे. तुझा मीटर काय म्हणून राहिलाय?”

“मीटर म्हणतोय सगळं ठीक हाय. म्हणूनच उतर म्हणतो.”

अठरा वर्षांच्या दोस्तीत अजहरनं कधीच मीटरच्या विरोधात शब्द काढला नव्हता. श्रीमंतनं त्याचं तोंड पाहिलं आणि पाण्याची बाटली घेऊन उतरला.

श्रीमंत, अजहर आणि दुपारपासून थांबलेली सिंधु, तिघं खदानीच्या तोंडाशी, कडुलिंबाखाली उभे राहिले. अजहरनं पायाशी वाळूची बादली ठेवली होती. समोर मुरमाच्या उंच कड्याखाली रिकामी मशीन संथ घुरघुरत होती.

चार मिनिटं गेली.

पाच.

कड्यातल्या बिळांतून वेडे राघू एकदम उडाले. सगळेच्या सगळे.

मग कडा खाली आला.

आवाज नंतर आला. धूळ बसली तेव्हा केबिनचा एक कोपरा तेवढा वर दिसत होता, आणि इंजिन बंद होतं.

श्रीमंतच्या हातात पाण्याची बाटली तशीच होती. सिंधुनं त्याची बाही धरली ती कितीतरी वेळ सोडलीच नाही. अजहर तिथंच मातीत बसला आणि लाजलज्जा सोडून रडला. दोस्त जिता होता. त्याला दुसरं काही नको होतं.

आठ दिवसांनी मशीन उकरून काढली. केबिन चेपलेली, बॅटरीचा डबा उपटलेला, पण इंजिन शाबूत. सिंधुनं नारळ फोडला. अजहरनं नवी बॅटरी जोडली, आणि पहिल्याच चावीला पडदा उजळला, इंजिन घुरघुरलं. मीटरवर ८४१८.४. स्कॅनरवर त्याच्या पुढची एकही ओळ नव्हती.

“पुढचं काय दिसतंय?” श्रीमंतनं जरा बिचकतच विचारलं.

“काही न्हाई. पुढं सगळं कोरं हाय,” अजहर म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला. श्रीमंत इंजिनाचा आवाज ऐकायला खाली वाकला.

अजहरनं आठव्या ओळीचे पुढचे रकाने आज पहिल्यांदा वाचले. चावी: चालू. सीट: रिकामी. बरोबरच होतं, त्यानंच तर उतरवलं होतं.

मनाच्या समाधानासाठी म्हणून त्यानं मोबाइलमधला पहिल्या दिवशीचा फोटो काढला. सकाळी आठ वाजून वीस मिनिटं. सात ओळींपुढं लिहिलं होतं, सीट: भरलेली. आठवीपुढं, ‘खाली उतर’ म्हणायच्या आठ-नऊ तास आधीच, सीट: रिकामी.

आणि त्या शब्दांवरच, स्कॅनरच्या काचेत, सीटवर बसलेल्या श्रीमंतचा गुडघा दिसत होता.