फळ्यावरचं नाव

"मोठ्या अक्षरात लिही," संघमित्रा म्हणाली. "रचना. तीन पुस्तकं परत नाहीत."

धम्मपालने खडू घेतला, पण हात उचलला नाही. "ताई, ती त म्हणते, खिडकीत ठेवलती."

"मग गेली कुठं? पाय फुटले का त्याईले?"

बालाघाटमधल्या आपल्या घराच्या ओसरीवर या बहीणभावांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं वाचनालय काढलं होतं. पुस्तकं साठ. कोपरे फाटू नयेत म्हणून प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर. मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालय उघडं. एरवी पुस्तक परत करायचं तर बैठकीच्या खिडकीत ठेवून जायचं. नियम संघमित्राचेच होते.

धम्मपालने नाव लिहिलं. शुक्रवारी रचना आली तेव्हा ओसरीवर दहा-बारा मुलं होती. तिने फळा वाचला.

"मी चोर आहे का?"

"पुस्तकं आण, नाव पुसते," संघमित्रा म्हणाली.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. रचना ओसरी उतरून निघून गेली.

रविवारी दुपारी धम्मपाल अंगणातून ओरडला, "ताई, कूलर शाई गाळून राह्यला!"

महेंद्रकाकांनी पंधरा दिवसांपूर्वी बैठकीच्या खिडकीत कूलर बसवला होता. त्याच्या खालून भिंतीवर काळपट ओघळ उतरला होता. संघमित्राने बोट लावलं. बोट काळं झालं.

"कूलरच्या पाण्यात काळं काहून येईल?" ती पुटपुटली. खालच्या फटीवर काकांनी पोत्याचं तरट ठोकलं होतं. तिने ते ओढून पाहिलं.

"हात नको लावू," काका आतून म्हणाले. "अर्धा दिवस गेला मले ते बसवायले."

धम्मपालने खिशातली गोटी काढून हळूच कूलरवर ठेवली. ती घरंगळत जाऊन टपकन खाली पडली.

"काका, तिरपा बसला वाटते."

"माझं काम अन् तिरपं?" काका तणतणत बाहेर आले, गोटी दोनदा ठेवून पाहिली आणि स्वतःच तरट उपटलं. "उजवीकडून उचलला गेला. खालचे गठ्ठे फुगले वाटते."

"कोणते गठ्ठे?"

"रद्दीचे. खिडकीतच पडले होते तीन. बरोबर मापाचे निघाले."

काकांनी कूलर उचलून धरला. संघमित्राने गठ्ठे ओढले. वर्तमानपत्राच्या कव्हरचा शाईने काळा झालेला लगदा हाताला लागला आणि आतून वाचनालयाचा शिक्का दिसला. तिन्ही पुस्तकं रचनाने नेलेलीच होती.

"पकडलं बुवा पोट्ट्यांनी मले," काका म्हणाले. "हुशार आहात."

कुणी हसलं नाही. संघमित्राचे कान तापले. खिडकी तिनेच सांगितली होती. कव्हरंही तिनेच घातली होती. आणि खिडकीत कूलर बसला, तरी तिने एकदाही तिथं पाहिलं नव्हतं.

संघमित्रा माफी मागायला गेली तेव्हा रचना आपल्या घराच्या दारात चिंचा फोडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू मले सगळ्याईसमोर चोर केलं," ती म्हणाली. "अन् माफी घरी येऊन मागते?"



मंगळवारी ओसरी भरली. आजोबा डोमाजी खुर्चीत बसले होते. रचना सगळ्यांच्या मागे उभी होती. संघमित्रा फुगलेली पुस्तकं घेऊन फळ्यापाशी गेली.

"रचनाने पुस्तकं ठेवली होती," ती म्हणाली. "मी शोधली नाही. नाव लिहायले लावलं. चूक माझी आहे."

"अन् माझी," काका खाली पाहत म्हणाले.

धम्मपालने नाव पुसलं. आजोबा म्हणाले, "शोध लावला, शाबास. पण पोरी, हे बोलली, ते जास्त अवघड होतं."

एवढं कौतुक ऐकूनही संघमित्राला मान वर करवेना. तेवढ्यात रचना पुढे आली आणि तिने ओलं पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं.

"असं धरलं त फाटन. एकेक पान सुटं करून सावलीत वाळवा लागते. तुले नाही जमणार, तुले लय घाई असते."

"हौ," संघमित्रा म्हणाली आणि सतरंजीवर बसत तिने रचनासाठी शेजारी जागा केली.