तिला हाक मारायची नाही

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर आणि तेही भरदुपारी.

एक नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. का, ते कळेलच.

आम्ही ब्रुनेईच्या काम्पोंग आयेरमधले. घर खांबांवर, खाली नदी. पाण्याचं ते चुबुक चुबुक जन्मापासून कानात आहे. ते कधीच थांबत नाही.

त्या सोमवारी थांबलं होतं.

मेतुसिनला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. आदल्याच दिवशी जावळ काढून तिचं नाव ठेवलं होतं. ते नाव त्याला सापडलं आमच्या लेलावर. लेला म्हणजे होडीवरची छोटी पितळी तोफ, दोन हात लांबीची. पणजीच्या लग्नात नवऱ्याकडून आलेली. पाहुणे येणार म्हणून भावानं ती लिंबानं घासली, तर कोरलेली अक्षरं वर आली. बाईचं नाव.

"ताई, पणजीचंच असणार गं! काय गोड आहे!"

मीही मान डोलावली. आम्ही दोघंही दीडशहाणे.

तर सोमवारी मी चुलीपाशी केळी तळत होते. बाहेरच्या खोलीत माझी भावजय सल्बिया पाळण्याशी लाडात आली आणि तिनं बाळाला नावानं हाक मारली.

आणि मग...

स्स्स्...

कढईचा आवाज असेल, म्हटलं. पण मी कढई उतरवली होती.

तिनं पुन्हा हाक मारली.

स्स्स्...

या वेळी वासही आला. जळक्या दारूचा, लग्नात तोफेचा बार काढल्यावर येतो तसा.

"वन्सं..." सल्बियाचा आवाज चिरकला. "बाळ रडतंय ना?"

मी धावले. बाळाचं तोंड उघडं होतं, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या.

आवाज नव्हता.

खाली पाणीही गप्प होतं.

कोपऱ्यातली तोफ रोज भिंतीकडे तोंड करून असायची. आता तिचं तोंड...

पाळण्याकडे होतं.

भीतीनं सल्बियाला काही सुचेना. ती बाळाला हलवत तेच नाव घेत सुटली. दर हाकेला तो आवाज वाढत होता. बाळाचे ओठ निळे पडत चालले होते. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आमचे तिंबांगकाका होडीतून उतरले. आदल्या दिवशी यायला जमलं नव्हतं, म्हणून आले होते. दारातच त्यांनी ते नाव ऐकलं. धावत येऊन त्यांनी सल्बियाचं तोंड दाबलं.

"गप्प बस पोरी! हे नाव ठेवायला कोणी सांगितलं?"

त्यांनी तोफेच्या बत्तीच्या भोकावर अंगठा दाबून धरला. चर्र झालं. अंगठा काढला नाही. तसेच पाळण्याकडे वाकून म्हणाले, "मस्नी. अगं मस्नी. तू मस्नी आहेस."

मस्नीनं टाहो फोडला. खाली पाणी चुबुकलं.

भाऊ कामावरून आल्यावर चहा घेताना काका त्याच्यावर बरसले. "अरे गाढवा, होडीच्या काठावर चार-चार लेला असायच्या. लढाईच्या गोंगाटात नुसतं 'डाग' म्हटलं तर कोणती डागायची? म्हणून एकेकीला नाव. जिचं नाव पुकारलं, तिनंच बार काढायचा. ते नाव घरात पोराला ठेवत नाहीत. हाक मारली की ती ओ देते."

"मग विकून टाकू," भाऊ म्हणाला.

"घेणारा तिला काय म्हणून हाक मारेल?"

काका तोफ आपल्या घरी घेऊन गेले. अंगठ्यावरचा काळा डाग मरेपर्यंत गेला नाही.

गेल्या महिन्यात काका वारले. त्यांच्या मुलांनी तोफ परत आणून दिली. मस्नी आता एकोणीस वर्षांची आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही. ते नाव आम्ही कोणी पुन्हा तोंडातून काढलेलं नाही.

काल दुपारी मी कपडे वाळत घालत होते. मस्नी आतून आली.

"आत्या," म्हणाली, आणि तेच नाव घेतलं. "ही कोण गं?"

माझ्या हातातला चिमटा पाण्यात पडला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीतरी हाक मारत होतं. कोपऱ्यातून."

"मग?"

"मग काय? मी ओ दिली."