अकरा मात्रांची शांतता

आमच्या कार्यक्रमात तीनशे बारा जण गायले. त्यातले तीनशे अकरा जिवंत होते.

असं काहीही झालेलं नाही.

समितीने तसा ठरावच केलाय आणि त्यावर माझीही सही आहे. तरी सांगतो, कारण हे खरं आहे आणि मी तिथे उभा होतो. नववी ओळ, अकरावी जागा. भुतं रात्री येतात हे मलाही ठाऊक आहे, पण रात्री त्या सभागृहात बॅडमिंटन असतं. म्हणून हे रविवारी दुपारी चार वाजता घडलं.

माझी ताई दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा तिचा धंदाच. तिच्या डोक्यात एकदा एक अवाढव्य सिम्फनी शिरली. ती सहसा कोणी करत नाही, कारण तिला तीनशेच्या वर गाणारे लागतात. ताईने तीन वर्षं खपून पेशंट, शेजारी आणि पेशंटांचे शेजारी गोळा केले. तरी एक कमी पडला.

म्हणून मी.

माझ्या शेजारी, बाराव्या खुर्चीवर, शिंपीकाका. सत्तरी उलटलेली, कानात मशीन. सगळ्यांचे काळे शर्ट त्यांनीच शिवलेले.

सिम्फनीच्या शेवटाआधी सगळे अकरा मात्रा गप्प राहतात. मग एकदम, अगदी हळू, "आ". सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी काकांच्या बोटात कायम असायची. तिने ते खुर्चीवर मात्रा मोजायचे. टक... टक... मला ऐकू येईल इतकंच.

"घाई नको रे बाळा. आधी मोजायचं, मग कापायचं."

मी दर वेळी नवव्या मात्रेलाच कापायचो.

एका तालमीत ताईने ताल द्यायची छडी आपटली. "नवव्या ओळीत कोण आहे तो शहाणा? तीन वर्षांच्या मेहनतीचं मातेरं करायचंय का?"



मी फक्त काकांकडे बघितलं.

मग सगळ्यांनीच बघितलं.

काकांनी कानातलं मशीन चाचपलं. "माझंच चुकलं असेल, बाई. हल्ली नीट ऐकू येत नाही."

ताई त्यांना हळूच म्हणाली, "काका, तुम्ही आता समोर बसून ऐका." पुढच्या तालमीत मी नुसते ओठ हलवले. चूक थांबली. सगळे म्हणाले, बघा, काकाच होते.

तीन आठवड्यांनी काका झोपेतच गेले. त्यांचा शर्ट घडी करून सभागृहातल्या कपाटात राहिला.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई म्हणाली, "आज मोकळ्या गळ्याने गा रे."

ती शांतता आली.

एक... दोन... पाचापर्यंत मी मोजलं. मग हिशोब चुकला. तोंड आपोआप उघडायला लागलं...

टक.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर.

टक... टक...

मान वळवायची हिंमत झाली नाही. मी ओठ घट्ट मिटले.

टक...

अकरावी वाजली आणि तीनशे गळे उघडले. माझ्या डाव्या कानाशी... एक म्हातारा, स्वच्छ आवाज. बरोबर मात्रेवर.

आयुष्यात पहिल्यांदा मीही बरोबर होतो.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताईने रडत मला मिठी मारली. "गधड्या, जमलं की तुला!"

मी म्हणालो, "हो."

शर्ट परत ठेवायला कपाट उघडलं. घडीतला तो एकच शर्ट... कॉलरपाशी ओला होता. घामाने. आमच्यासारखाच.

रेकॉर्डिंगमध्येही ती टकटक आहे. ताईने समितीसमोर विचारलं, "नवव्या ओळीत हे काय वाजतंय?"

या वेळी सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खुर्ची जुनी आहे," मी म्हणालो.

ठराव झाला. खुर्ची वाजली.

घाबरवायला आले असते तर परवडलं असतं. काका मला मोजून द्यायला आले होते.

काल मी समितीकडे अर्ज दिला. मजकूर असा:

"नववी ओळ, बारावी खुर्ची, यांची कार्यक्रमाच्या दिवसाची हजेरी लावावी. नवव्या मात्रेची चूक त्यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर करावी. सदर दुरुस्ती त्यांना समक्ष कळवावी आणि त्यांच्या सहीची पोच मला मिळावी, ही नम्र विनंती."